रळियातफोईनं ठेवलेलं नाव

रळियात लग्न होऊन पाळवदरच्या कंसारा बजारात आली, तेव्हा पहिले तीन दिवस तिला वाटलं, आपल्या नशिबी भांडखोर सासर आलं. जो तो ओरडून बोलायचा. सासरे पाणी मागायचे तेही ओरडून, आणि सासू 'आणते' म्हणायची तीही ओरडून. चौथ्या दिवशी तिला उमगलं की हे भांडण नव्हे. गल्लीच्या दोन्ही बाजूंना तांबटांची दुकानं, दुकानात दोन-दोन, तीन-तीन हातोडे, आणि सकाळी सातला सुरू झालेला ठणठणाट दिवेलागणीपर्यंत थांबायचा नाही. त्यावरून आपला शब्द पलीकडे पोचवायचा तर ओरडण्यावाचून गत नव्हती.

तिचा नवरा नरशी हंडे घडवायचा. लग्नात चोवीस वर्षांचा होता आणि उजव्या कानानं थोडंफार ऐकू यायचं. तिशी गाठेपर्यंत तेही गेलं. माणूस सज्जन होता. कधी हात उगारला नाही, कधी ताट सरकवलं नाही, आणि तिला ताप आला तर पायाशी बसून पाय चेपायचा. फक्त बोलायला म्हणून माणूस नव्हता. दुपारी बारा ते एक सगळ्या गल्लीचे हातोडे जेवायला थांबत. तेवढा एक तास कानात सुन्न शांतता भरायची. रळियात त्याच्या ताटासमोर बसून बोलायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, चिंच कशी महागली. नरशी खाली मान घालून रोटला कुस्करत राहायचा. मग ताक मागायला मान वर केली की तिचे ओठ हलताना दिसायचे, आणि तो विचारायचा, "काही म्हणालीस?"

"काही नाही. ताक घ्या," ती ओरडून म्हणायची.

माहेरी असं नव्हतं. वांकानेरला तिचे वडील जीवराजबापा भांड्यांवर नक्षी ठोकायचे. काम नाजूक, हातोडी लहान, त्यामुळे बोलता यायचं. आई ओधवच्या बाळंतपणात गेली तेव्हा रळियात चौदा वर्षांची होती. तान्ह्या भावाला मांडीवर घेऊन ती बापाशेजारी बसायची आणि बापा गोष्ट सांगायचे. राजाच्या, वणजाऱ्याच्या, दर्यात हरवलेल्या गलबताच्या. अट एकच. ऐकणाऱ्यानं मधूनमधून 'हं' म्हणायचं. तिकडे त्याला होंकारो म्हणतात. तिचा होंकारो जरा चुकला की बापा हातोडी खाली ठेवायचे.

"काय गं, भिंतीला सांगतोय का मी?"

"ऐकतेय ना बापा!"

"मग तोंड शिवलंय का? हं म्हण. गलबत तिकडे बुडायला आलंय आणि तुझा होंकारो नाही."

बापा गेले तेव्हा ओधव नऊ वर्षांचा होता. रळियातला मूल झालं नव्हतं आणि होण्याची आशाही मावळत चालली होती. ती वांकानेरला गेली आणि भावाचं बोट धरून त्याला पाळवदरला घेऊन आली. सासूनं दोन दिवस तोंड फुगवलं. नरशीनं मात्र त्याच संध्याकाळी आपली जुनी हातोडी तासून त्याच्या मुठीत बसेल अशी करून दिली.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं, रळियात पुढे म्हणायची, तीच काय ती माझी. हातोडे थांबले की ओधव ओट्यावर तिच्यापाशी येऊन बसायचा. ती डाळ निवडता निवडता बापांच्या गोष्टी सांगायची आणि तो हं, हं करायचा. गोष्टी संपल्यावर ती आपलं दिवसाचं सांगायची, त्यालाही तो हं करायचा. पोरगा मोठा झाला, मिसरूड फुटलं, आवाज घोगरा झाला, तरी होंकारो चालू होता. तेव्हाच कधीतरी तिच्या मनात आलं की ओधवला मुलगा झाला तर त्याचं नाव होंकार ठेवायचं. भावाच्या मुलाचं नाव फोईनं, म्हणजे आत्यानं, ठेवायचं ही रीत. बाकी कशावर नसला तरी तेवढ्यावर तिचा हक्क होता. हे ती कुणालाच बोलली नाही. ओधवलाही नाही.

ओधवचं लग्न झालं, कुंदन आली. कुंदन भावनगरची, सातवी शिकलेली, कामाला चटपटीत. तिनं वर्षभरात शेजारचं घर भाड्यानं घ्यायला लावलं. त्यात वाईट काही नव्हतं, जागाच पुरत नव्हती. पण ओट्यावर येऊन बसणं संपलं. ओधव आता नरशीचं दुकान चालवायचा आणि त्याचेही कान हळूहळू जायला लागले होते. तसाही तो मुळात कमी बोलणारा. पुढे नरशी गेला. रळियात एकेचाळीस वर्षांची होती. ती बजारातल्या व्यापाऱ्यांची नवी भांडी चिंच आणि माती लावून उजळून द्यायला लागली. दिवसभर हात कोपरापर्यंत पिवळे असायचे.

ओधवला आधी तीन मुली झाल्या. तिन्ही वेळा कुंदननं आदल्या दिवशी निरोप पाठवून नाव सांगितलं, "बेन, भारती म्हणा," "बेन, ज्योती म्हणा," आणि तिन्ही वेळा रळियातनं झोळीत वाकून तेच नाव म्हटलं. चौथ्या खेपेला मुलगा झाला. नाव ठेवायचं ते छठीला, सहाव्या दिवशी; त्याच्या आदल्या दिवशी कुंदननं माणूस पाठवला नाही. बाळंतिणीच्या खोलीतून स्वतःच हाक मारली.

"बेन, रास कर्क आलीय. ड किंवा ह. मी हसमुख ठरवलंय. आजकाल सगळीकडे चालतं."

रळियातनं बाळाचं झबलं घडी करत मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाही कळलं नाही. ह आला, एवढंच तिच्या कानात घुमत होतं. तिनं रात्री नवी टोपी शिवायला घेतली ती पहाटे पुरी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर बायकांनी भरलं. लाल ओढणीची झोळी केली, चार टोकं चार पोरींनी धरली, तिघी बाळाच्या बहिणी आणि एक शेजारची. आत पिंपळाचं पान, सुपारी, आणि मधोमध मुठी आवळून झोपलेला मुलगा. पोरी झोका देऊ लागल्या. झोक्याच्या गाण्यात फोईनं नाव सांगायची जागा आली आणि सगळ्या गप्प झाल्या.

"होंकार," रळियात म्हणाली.

पंचांग घेऊन दाराशी बसलेले गोर महाराज म्हणाले, "ओंकार? नाव देवाचं आहे बेन, पण ओ वृषभेत जातो. आपल्याला ह हवा."

"ओंकार नाही महाराज. होंकार. ह घेऊनच आहे."

झोका थांबला. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग कोपऱ्यातून कुंदनच्या आईचा आवाज आला, "अगं बाई, हे काय नाव झालं? म्हैस वळवताना करतात तसं?"

बायका हसल्या. कुंदन हसली नाही. बाजेवर बसूनच म्हणाली, "बेन, मी काल काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतंस."

"मग?"

"तिन्ही पोरींची तू सांगितलीस ती ठेवली ना, वहू? हे एक माझं राहू दे."

"तुमचं राहू दे? आणि जन्मभर चिडवून घ्यायचं ते माझ्या मुलानं? कुठनं काढलंत हे? अर्थ तरी काय त्याचा?"

रळियातला अर्थ माहीत होता. पण वीस बायकांसमोर कसा सांगायचा, की मला आयुष्यात कुणीतरी हं म्हणणारं हवं होतं? तिनं दाराकडे पाहिलं. दारात ओधव उभा होता. त्याला सांगायची गरज नव्हती, तो सगळं समजला असणार. त्यानं एकदा नुसतं म्हटलं असतं, की बेननं ठेवलंय ते राहू दे, तर कुंदनही गप्प बसली असती. ओधव आपल्या अंगठ्याच्या काळ्या नखाकडे बघत होता. मग म्हणाला, "गिऱ्हाईक थांबलंय," आणि दुकानात निघून गेला.

फोईनं झोळीत म्हटलं ते झालं, म्हणून पोरींनी तेच नाव घेऊन झोका पुरा केला. पेढे वाटले. रीतीची साडी कुंदननं दिली, पण रळियातच्या हातात नाही, पाटावर ठेवली. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं होतं की ओधवच्या मुलाचं नाव हसमुख.

रळियातनं ते मनाला लावून घेतलं. कुंदनचं बोलणं नव्हे. कुंदन परक्या घरची, तिला काय माहीत! पण ओधव? ज्याला मांडीवर घेऊन वाढवला त्याच्या तोंडून एक शब्द निघू नये?

मुलगा चालायला लागला तसा दुपारचा फोईकडे यायचा. ती भांडी घासताना हा बाजूला बसून झाकणं वाजवायचा. घरात दोघंच असली की ती त्याला होंकार म्हणायची आणि तो ओ द्यायचा. चार-पाच वर्षं असं चाललं. मग तो बालमंदिरात जायला लागला आणि एक दिवस रडत आला. गुरुजींनी नाव विचारलं आणि ह्यानं होंकार सांगितलं होतं. पोरांनी नाकातून हं-हं करत, रेड्यासारखी डोकी हलवत त्याला घरापर्यंत आणून सोडला होता.

"फोईबा, मला त्या नावानं नका ना हाक मारू."

"नाही मारणार दीकरा."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

तिनं शब्द पाळला. पण हसमुखही तिच्या तोंडून निघेना. दीकरा, भाई, अरे ए, असंच काहीबाही म्हणत ती त्याला हाक मारायची. नाव घ्यायची वेळ आली की वाक्य फिरवायची.

पुढे स्टील आलं. आधी लग्नातल्या आंदणात आलं, मग रोजच्या स्वयंपाकघरात. तांब्या-पितळेचे हंडे लोक मोडीत घालायला आणू लागले आणि बजारातली दुकानं एकेक करत बंद व्हायला लागली. मुलगा सात वर्षांचा असताना ओधवनं हातोडे विकले आणि बिऱ्हाड सुरतेला हलवलं. तिथे कुंदनच्या भावाच्या ओळखीनं कापडाच्या गोदामात काम मिळणार होतं. बेननंही चलावं असं कुणी म्हणालं नाही. रळियातनंही विचारलं नाही. एका खोलीत सहा जण राहणार होते, सातव्याला जागा कुठे होती? बस सुटताना ओधव खिडकीतून म्हणाला, "बेन, तब्येतीला जपा." पुढे काहीतरी बोलणार होता, पण बसचा आवाज झाला आणि त्यानं हात हलवला.

गल्ली हळूहळू शांत झाली. आता कुजबुजलं तरी पलीकडच्या घरी ऐकू जावं अशी गल्ली झाली, पण पलीकडच्या घराला कुलूप होतं. रळियात भांडी उजळण्याऐवजी हवेलीसाठी, म्हणजे वैष्णवांच्या देवळासाठी, वाती वळू लागली. कामाला आवाज नाही. वात मांडीवर फिरवली की झाली. चार दिवस कुणाशी बोलणं झालं नाही की पाचव्या दिवशी आवाज बसल्यासारखा व्हायचा, आधी खाकरून घ्यावं लागायचं. शेजारी जेतूनबेन होती, शिवणकाम करणारी. ती येता-जाता खिडकीतून विचारायची, "रळियातबेन, जेवलात?" आणि उत्तर ऐकायच्या आत तिचं मशीन सुरू व्हायचं. पत्रं तीच लिहून द्यायची, तीच वाचून दाखवायची. सुरतेहून दिवाळीला एक पत्र यायचं. सगळे मजेत, तुमची तब्येत कळवा, खाली ओधवची सही.

ओधव गेला त्याची तार दीड दिवस उशिरा पोचली. रळियात सुरतेला गेली तेव्हा खोलीत फक्त फोटो होता, हार घातलेला. बायकांनी गळे काढले. तिच्या डोळ्यांतून नावाला पाणी आलं, तेवढंच. लहानपणापासून वाढवलेला भाऊ गेला आणि ही अशी कोरडी कशी, असं कुणीतरी म्हणालंही. तिलाही आपलं नवल वाटलं. बाराव्याचं झालं आणि ती परत आली.

त्यालाही दोन वर्षं झाली. एके सकाळी दारात उंच मुलगा उभा राहिला. हातात रेक्झिनची पिशवी, खिशाला पेन. कान तेवढे ओधवचे होते, थोडे पुढे आलेले.

"ओळखलंत का फोईबा?"

तिनं आधी खाकरून घेतलं. मग म्हणाली, "कान ओळखले. ये, आत ये."

किती दिवसांनी तिनं चूल दोन माणसांसाठी पेटवली. बाजरीचे रोटले, वांग्याचं भरीत, गूळ, घरात होतं नव्हतं तेवढं तूप. तो जेवत होता आणि ती बोलत होती. हवेलीचा पुजारी बदलला, जेतूनच्या मुलीचं ठरतंय, गल्लीत आता सहाच घरं उघडी. तो मधेच घड्याळ बघत होता. शेवटी ताक पिऊन झाल्यावर म्हणाला, "फोईबा, एक काम होतं."

"बोल ना."

"मला मस्कतला नोकरी लागतेय. पितळेच्या नळांच्या कारखान्यात. पासपोर्टला जन्माचा दाखला लागला म्हणून इथून मागवला. तर त्यात नाव वेगळंच आहे."

"वेगळं म्हणजे?"

त्यानं पिशवीतून कागद काढला. "होंकार ओधवजी कंसारा. शाळेच्या दाखल्यात हसमुख आणि ह्यात हे. आता मी हसमुख आहे हे सिद्ध करायला हवंय. मम्मी म्हणाली, हे फोईबांचंच काम."

रळियातनं हातातली वाटी खाली ठेवली.

"माझं? दीकरा, मला अंगठ्यापलीकडे काही येत नाही. मी कशाला कचेरीत जाते?"

"मग कुणी घातलं असेल?"

"मला काय ठाऊक!"

नगरपंचायतीच्या कचेरीत नाव ठेवताना हजर असलेलं वडीलधारं माणूस हवं होतं. प्रतिज्ञापत्रावर अंगठा द्यायचा की हा होंकार आणि हा हसमुख एकच. ती धुवट साडी नेसून त्याच्याबरोबर निघाली. वाटेत भेटेल त्याला, न विचारता, सांगत होती, "माझा भत्रीजा. सुरतेहून आलाय. मस्कतला चाललाय."

कारकून तरुण होता. त्यानं कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि बोट फिरवत पानावर थांबला. "हं, हे बघा. आणि इथे तर खाडाखोडपण आहे."

"कसली?" मुलानं विचारलं.

"आधी ओंकार लिहिलं होतं. मग ते खोडून वर होंकार केलंय. आणि बाजूला माहिती देणाऱ्याची पुन्हा सही घेतलीय, दुरुस्ती मान्य म्हणून. ओधवजी जीवराज. मुलाचे वडील ना? त्यांनीच उभं राहून बदलून घेतलेलं दिसतंय. जन्मापासून सातव्या दिवसाची, म्हणजे छठीच्या दुसऱ्याच दिवशीची तारीख आहे."

मुलगा वाकून बघत होता. "पप्पांचीच सही आहे."

रळियात म्हणाली, "मला दाखव."

"फोईबा, तुम्हाला वाचता..."

"तू दाखव. कुठे आहे ते."

कारकुनानं रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. शाईची एक आडवी रेघ, तिच्यावर दाटीवाटीनं लिहिलेली बारीक अक्षरं, आणि बाजूला वाकडी, दाबून केलेली सही. अक्षरं तिला कळली नाहीत, पण ती दाबून केलेली सही कळली. ओधव लिहायचाही तसाच, पत्रा ठोकल्यासारखा. तिनं त्या सहीवर बोट ठेवलं. कारकून म्हणाला, "माजी, शाई जुनी आहे, उडेल," तेव्हा उचललं.

"आता हे खोडणार?" तिनं विचारलं.

"खोडत नाही. खाली शेरा मारतो की हल्लीचं नाव हसमुख. इथे अंगठा द्या."

तिनं डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. वाती वळून वळून त्याच्यावरच्या रेघा झिजल्या होत्या, पहिला ठसा उमटलाच नाही. कारकुनानं पुन्हा शाई लावली आणि स्वतः धरून दाबला.

परतताना मुलगा मोकळा झाला होता. म्हणाला, "एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. पण फोईबा, हे नाव ठेवलं कशासाठी? मम्मीला विचारलं तर चिडते."

तिनं सांगितलं. बापांच्या गोष्टींचं सांगितलं, त्याच्या बापाचं सांगितलं. नरशीचं सांगितलं नाही. सांगायला कचेरी ते घर एवढंच अंतर होतं आणि रस्त्यात सायकली होत्या, दोनदा तो पुढे निघून गेला आणि तिला अर्धं पुन्हा सांगावं लागलं.

"पप्पा आणि होंकारो?" तो हसला. "आमच्याशी तर दिवसात दहा शब्द बोलायचे नाहीत."

"माझ्याशी तरी कुठे बोलायचा? नुसतं हं करायचा. पण करायचा."

"चांगलं आहे नाव, तसं बघितलं तर," तो म्हणाला. "पण तिकडे चालणार नाही फोईबा. तिकडच्या साहेबांना म्हणतासुद्धा येणार नाही."

"नाही ना. खरं आहे."

"तुम्हाला वाईट तर नाही वाटलं?"

"छे! मला काय वाईट वाटायचंय? आजची रात्र राहा ना. सकाळी जा."

"उद्याच कागद भरायचेत. चारची बस धरतो."

तिनं घाईघाईनं कणीक-गुळाची सुखडी करून बांधून दिली, अजून कोमटच होती. बस सुटली तेव्हा त्यानं खिडकीतून हात हलवला आणि लगेच शेजारच्या माणसाशी बोलायला लागला. ती धूळ खाली बसेपर्यंत उभी राहिली.

घरी येऊन तिनं दुपारची भांडी घासायला घेतली. दोन ताटं, दोन वाट्या. ओधवची ती सही तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. बायकोपुढे तोंड उघडवलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून गेला असेल. कारकुनानं ओंकार लिहिलं. ह्याला वाचता येत होतं, तेवढ्यावर सोडून देता आलं असतं. ओंकार काय, हसमुख काय, कोण विचारणार होतं? पण उभा राहिला. म्हणाला असेल, ओ नाही, ह. जो माणूस ताक हवं तर वाटी पुढे करायचा, तो कचेरीत उभा राहून हुज्जत घालून आला. आणि आला तो आला, कुणाला सांगू नये? मला तरी?

"मेल्या," ती मोठ्यानं म्हणाली, "त्या दिवशी दारात तोंड उघडलं असतंस तर काय बिघडलं असतं तुझं?"

तिचाच आवाज घरात मोठा वाटला. पलीकडे मशीन थांबलं. जेतूननं खिडकीतून विचारलं, "कुणी आलंय का रळियातबेन?"

"नाही. कुणी नाही."

मशीन पुन्हा सुरू झालं. रळियातनं हातातलं ताट खाली ठेवलं आणि मोरीच्या कडेला बसून ती रडली. दोन वर्षांपूर्वी सुरतेच्या खोलीत आलं नव्हतं तेवढं सगळं आता आलं. एकोणीस वर्षं ती भावावर मनातून रुसलेली होती. प्रत्येक दिवाळीच्या पत्राला जेतूनकडून चार कोरड्या ओळी लिहून घेत होती, आणि बाकी काही लिहू नकोस म्हणून तिला सांगायची. तो तिकडे ते पत्र हातात धरून काय करत असेल? आणि आता कुणाला सांगणार, की मला ठाऊक नव्हतं रे?

अंधार व्हायच्या आधी ती उठली, तोंड धुतलं. चटई झटकताना खालून पेन निघालं. जेवायला बसताना मुलाच्या खिशातून पडलं असणार. निळं, चकचकीत टोपणाचं.

दुसऱ्या दिवशी ती ते घेऊन जेतूनकडे गेली. जेतूननं कापडाचे तुकडे बाजूला सारून पोस्टकार्ड घेतलं.

"वर नाव काय घालू?"

रळियातनं एक तुकडा उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाली, "हसमुख घाल. चिरंजीव हसमुख."

"तुम्ही कधी घेत नाही ते नाव."

"आता त्याचं तेच आहे. लिही. तुझं पेन इथे राहिलं आहे. चांगलं दिसतं. जपून ठेवलं आहे. जाण्याआधी एकदा येऊन घेऊन जा."

"आणखी काही?"

"सुखडी कशी झाली होती विचार. आणि लिही, की तुझ्या बापानं..." ती अडखळली. "नको. तेवढंच पुरे."

महिन्यानं उत्तर आलं. पासपोर्ट मिळाला, तिकीट आलं, पुढच्या आठवड्यात निघतो, सुखडी सगळ्यांना आवडली. खाली एक ओळ होती, पेन राहू द्या, इथे दुसरं घेतलं आहे.

जेतूननं ती ओळ वाचली आणि कार्ड परत दिलं. रळियातनं पदराच्या गाठीतून पेन काढलं. महिनाभर ते तिथेच होतं. तिनं ते जेतूनच्या मशीनवर ठेवलं.

"तूच ठेव. तुला लिहावं लागतं."

"अहो, महागाचं आहे."

"मग काय करू? मला का लिहिता येतं?"

जेतूननं टोपण काढून कागदाच्या कपट्यावर दोन रेघा ओढल्या. "बारीक चालतं. छान आहे," ती म्हणाली आणि ते टेपशेजारी ठेवून पायाखालचं मशीन चालू केलं. रळियात दाराबाहेर पडली. मग घरी येऊन तिनं कापसाची टोपली पुढे ओढली. हवेलीतून माणूस न्यायला येणार होता आणि अजून दोनशे वाती वळायच्या होत्या.